तेलाच्या शेअरचा डिव्हिडंड: चालू पाणी की मृतसाठा?

आमच्या शेजारचे आप्पा एका सुताच्या पेढीवर पस्तीस वर्षं दिवाणजी होते. निवृत्तीनंतर हाताशी सहा लाख आहेत आणि त्यातल्या काही पैशांवर दरवर्षी 'घरबसल्या काहीतरी' यावं एवढीच अपेक्षा. गेल्या महिन्यात ते वही घेऊन आले. कोणीतरी त्यांना जास्त डिव्हिडंड (कंपनी नफ्यातून शेअरमागे वाटते ते पैसे) देणाऱ्या कंपन्यांची यादी दिली होती, आणि तिच्या वरच्या ओळींत बहुतेक तेल आणि गॅसच होतं. आप्पांचा प्रश्न सरळ होता: "ओएनजीसी घेऊ, इंडियन ऑइल घेऊ, का पेट्रोनेट?"

हाच प्रश्न आणखी चार जणांना पडलेला असणार, म्हणून आमच्यात जे बोलणं झालं ते इथे सविस्तर लिहितो. मी नोंदणीकृत सल्लागार नाही. लोकांची रिटर्नं भरून देतो, आणि माझ्याकडे स्वतःचे थोडे ओएनजीसी आणि पेट्रोनेट आहेत. हे आधीच सांगितलेलं बरं.

त्या यादीत फक्त टक्केवारी होती: गेल्या वर्षीचा डिव्हिडंड भागिले आजचा भाव. म्हणजे वरचा आकडा मागे पडलेल्या वर्षाचा, आणि खालचा भाव बाजार घाबरला की आपोआप उतरणारा. शेअर दोनशेवरून दीडशेवर आला की दहा रुपयांचा डिव्हिडंड पाच टक्क्यांचा जवळपास पावणेसात टक्के दिसायला लागतो. कंपनीने एक पैसा जास्त दिलेला नसतो. उलट बाजाराला वाटत असतं की पुढच्या वर्षी दहा मिळणार नाहीत.

सोलापूरकराला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. शहराला पाणी देणाऱ्या उजनी धरणात एकूण ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं ६४ टीएमसीच्या आसपास मृतसाठा, म्हणजे तळाचं, नेहमीच्या वापरात न धरलेलं पाणी. उन्हाळ्यात धरण 'उणे' जातं, म्हणजे मृतसाठ्याला हात लागतो, तेव्हाही नळाला चार-पाच दिवसांआड का होईना पाणी येतंच. नळाकडे बघून धरणाची अवस्था कळत नाही. डिव्हिडंडही तसाच. २०२० मध्ये तेलाचा भाव कोसळला तेव्हा शेल या परदेशी तेलकंपनीने आपला डिव्हिडंड दोन तृतीयांश कापला. दुसऱ्या महायुद्धानंतर पहिल्यांदाच. त्याच वर्षी एक्सॉन या अमेरिकी तेलकंपनीला वीस अब्ज डॉलरहून मोठा तोटा झाला, तरी तिने डिव्हिडंड कापला नाही, कर्ज वाढवून देत राहिली. एकीने नळ बारीक केला, दुसरीने मृतसाठ्यात हात घातला. त्या वर्षी यादीत दुसरी 'सुरक्षित' दिसत होती.

आपल्याकडच्या कंपन्या एका रांगेत ठेवून टक्केवारी बघण्यात अर्थ नाही, कारण त्यांचे धंदेच वेगळे आहेत. हे आप्पांनीच माझ्यापेक्षा चांगलं मांडलं. म्हणाले, "म्हणजे एक कापूस पिकवणारा, दुसरा चादर विकणारा, आणि तिसरा मजुरीवर माग चालवणारा." अगदी तसंच आहे.

कापूस पिकवणारी: ओएनजीसी

समुद्रातून, जमिनीतून तेल काढायचं आणि जगाच्या भावाने विकायचं. १९७४ मध्ये सापडलेलं मुंबई हाय आजही तिचा कणा आहे. भाव चढला की पैसा, उतरला की ओढाताण. डिव्हिडंड बघा: २०२०-२१ मध्ये शेअरमागे ३.६० रुपये, पुढच्या वर्षी १०.५०, मग ११.२५, आणि २०२३-२४ व २०२४-२५ या दोन्ही वर्षांत १२.२५. रुपया घसरला तरी हिचं नुकसान नाही, कारण भाव डॉलरशी बांधलेला.

मग अडचण कुठे? भाव फार चढला की सरकार वाटा मागतं. जुलै २०२२ मध्ये देशात निघणाऱ्या कच्च्या तेलावर टनामागे २३,२५० रुपयांचा जादा कर बसला. दर पंधरवड्याला तो बदलायचा, आणि डिसेंबर २०२४ मध्ये उठला. म्हणजे सुगी आली की खळ्यावर वाटेकरी हजर, दुष्काळ मात्र एकट्याचा. गॅसचंही तेच. एप्रिल २०२३ पासून जुन्या क्षेत्रांतल्या गॅसचा दर भारत आयात करतो त्या कच्च्या तेलाच्या सरासरी भावाच्या दहा टक्के ठरला, पण वरून एककामागे साडेसहा डॉलरची मर्यादा घालून. ती पुढे दरवर्षी पाव डॉलरने सरकते.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. २०१८ च्या जानेवारीत ओएनजीसीने सरकारकडून एचपीसीएल या तेलविक्री कंपनीचा ५१.११ टक्के हिस्सा ३६,९१५ कोटींना घेतला. सरकारची निर्गुंतवणूक झाली, पैसे मात्र गेले कंपनीचे, आणि त्यासाठी कर्ज काढावं लागलं. मालक मोठा असला की त्याची गरज ही कंपनीची गरज होते. शिवाय विहिरी जुन्या होतात. आहे तेवढं उत्पादन टिकवायला दरवर्षी हजारो कोटी खाली ओतावे लागतात. डिव्हिडंड त्यानंतरचा.

तरीही वाईट वर्षात हिने काहीतरी दिलं. शून्य नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा भाग शून्याचाच आहे.

चादर विकणाऱ्या: इंडियन ऑइल, बीपीसीएल, एचपीसीएल

सोलापूरजवळच्या पाकणीच्या डेपोवरून टँकरची रांग निघताना आपण रोज बघतो. एचपीसीएलची मुंबई-पुणे-सोलापूर पाइपलाइन तिथवर येते. टँकर कधी थांबत नाहीत म्हणून धंदा पक्का, असं वाटणं साहजिक आहे. मालाचा खप पक्का आहे हे खरं. नफा पक्का नाही.

कागदावर पेट्रोलचे दर २०१० पासून आणि डिझेलचे २०१४ पासून मोकळे आहेत. प्रत्यक्षात एप्रिल २०२२ मध्ये कंपन्यांनी रोजचे दर बदलणं थांबवलं. मे महिन्यात पंपावर दर उतरले ते अबकारी कर घटल्यामुळे. त्यानंतर कंपन्यांकडून दर हलला तो थेट मार्च २०२४ मध्ये, लोकसभेच्या तोंडावर, दोन रुपयांनी खाली. मधल्या काळात कच्चं तेल शंभरी ओलांडून गेलं आणि परतही आलं. सूत महागलं तरी चादरीचा भाव वाढवायचा नाही, अशी तंबी मिळालेल्या व्यापाऱ्यासारखी अवस्था. एप्रिल ते जून २०२२ या एका तिमाहीत एचपीसीएलला दहा हजार कोटींहून जास्त तोटा झाला. २०२२-२३ साठी डिव्हिडंड: शून्य.

आणि पुढच्याच वर्षी उलटं. कच्चं तेल उतरलं, पंपावरचा दर तसाच राहिला, कंपन्यांच्या तिजोऱ्या भरल्या. एचपीसीएलने २०२३-२४ साठी बोनसआधीच्या (जादा फुकट शेअर वाटण्याआधीच्या) शेअरवर एकूण साडेएकतीस रुपये दिले. इंडियन ऑइलचे तीन वर्षांचे आकडे तर वहीत ठळक लिहून ठेवा: २०२२-२३ ला ३ रुपये, २०२३-२४ ला १२, २०२४-२५ ला परत ३. ज्याने बाराचा आकडा बघून घेतला त्याला पुढच्या वर्षी तीन मिळाले. आप्पांच्या यादीसारख्या याद्या अशा बाराच्या वर्षातच सगळ्यात जास्त फिरतात.

घरगुती सिलिंडरचं ओझं वेगळंच. तो तोट्यात विकायला लावतात आणि भरपाई मागाहून येते: ऑक्टोबर २०२२ मध्ये २२,००० कोटी, ऑगस्ट २०२५ मध्ये ३०,००० कोटी मंजूर, तेही हप्त्यांनी. भरपाई येते हे खरं, पण कधी आणि किती, हे कंपनीच्या हातात नसतं.

तिघींत फरक आहे. एचपीसीएल स्वतः शुद्ध करते त्यापेक्षा विकते जास्त, म्हणून पंपावरचा दर अडकला की ती सगळ्यात आधी बुडते आणि सुटला की सगळ्यात आधी वर येते. इंडियन ऑइलकडे पाइपलाइनी आहेत, रसायनांचा धंदा आहे, म्हणून तिचा हेलकावा थोडा कमी. बीपीसीएल दोघींच्या मध्ये. पण तिघींचाही भाव ठरवणारा माणूस कंपनीत बसत नाही, आणि डिव्हिडंडच्या सुरक्षिततेसाठी माझ्या मते हीच सगळ्यात मोठी अट आहे.

जाता जाता एक गोंधळ निस्तरतो. बीपीसीएलने २०२३-२४ साठी २१ अधिक २१ असे ४२ रुपये दिले आणि नंतरच्या वर्षी १०. "कंपनी बुडाली की काय?" असं मला दोघांनी विचारलं. मध्ये जून २०२४ ला एकास एक बोनस झाला होता, म्हणजे एका शेअरचे दोन झाले. म्हणजे ४२ चे २१ धरा. घट झालीच, पण चौपट नाही, साधारण निम्म्याने.

मजुरीवर माग चालवणारी: पेट्रोनेट (आणि थोडीफार गेल)

गुजरातेत दहेजला जहाजातून द्रवरूप गॅस उतरवायचा, त्याचा परत वायू करून पाइपलाइनीत सोडायचा, आणि त्याची मजुरी घ्यायची. माल काही गिऱ्हाइकाचा, काही स्वतः घेऊन करारानेच पुढे दिलेला, मजुरी कराराने ठरलेली. गॅसचा भाव चढो की पडो, तिला थेट झळ कमी. याचं प्रतिबिंब डिव्हिडंडमध्ये दिसतं: २०२२-२३, २०२३-२४, २०२४-२५, तिन्ही वर्षं दहा-दहा रुपये. त्याआधीची दोन वर्षं साडेअकरा. कतारशी वर्षाला ७५ लाख टनांचा करार २०२८ ला संपणार होता, तो फेब्रुवारी २०२४ मध्ये २०४८ पर्यंत वाढवला.

इतकं सरळ असतं तर लेख इथेच संपवला असता. दोन काटे आहेत. कतारचा गॅस इराणलगतच्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतो. तिथे काही झालं तर माग मोकळा बसतो, मग मजुरी कसली. दुसरा काटा घरातला: दहेजलाच २०,६८५ कोटींचा पेट्रोकेमिकल प्रकल्प उभा राहतोय. म्हणजे मजुरीवाला आता स्वतःच सूत घेऊन कापड विणायला निघालाय. आप्पा हे ऐकून हसले. त्यांनी असे बरेच मागवाले बघितलेत, काही मोठे झाले, काहींनी माग विकले. या प्रकल्पाच्या वर्षांत डिव्हिडंड वाढेल अशी आशा मी धरत नाही. टिकला तरी पुष्कळ.

गेलच्या पाइपलाइनचं भाडं नियामक ठरवतो, तेवढा भाग स्थिर. पण तिच्याकडे प्लास्टिकचा कारखाना आणि परदेशी गॅसचा व्यापारही आहे, आणि तो कधी हसवतो कधी रडवतो. शहरात गॅस वाटणाऱ्या कंपन्यांना २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये स्वस्त गॅसचा कोटा कापला गेला आणि शेअर एका दिवसात आपटले. म्हाताऱ्या माणसाने तिकडे जाऊ नये. रिलायन्स डिव्हिडंडसाठी कोणी घेत नाही, २०२४-२५ चे साडेपाच रुपये म्हणजे चहापाणी.

सरकारी नियम आधार आहे का?

सरकारी कंपन्यांनी नफ्याच्या ३० टक्के किंवा नक्त मालमत्तेच्या (देणी वजा जाता उरलेल्या) ४ टक्के, यातलं जे जास्त ते वाटावं, असा नियम आहे. २०१६ मध्ये तो पाच टक्के होता, नोव्हेंबर २०२४ मध्ये चार झाला. लोक याला हमी समजतात. नियम असतानाच एचपीसीएलने शून्य दिलं. शिवाय सरकारला पैसा हवा म्हणून कंपनीकडून ओढून घेतलेला डिव्हिडंड आज गोड लागतो, पण तोच पैसा उद्याच्या विहिरीचा असू शकतो. म्हणून मी निकालपत्रात एकच हिशेब करतो: धंद्यातून आलेली रोकड, त्यातून वर्षाचा भांडवली खर्च वजा, उरलेल्यात डिव्हिडंड बसतो का. बसत नसेल आणि त्याच वर्षी कर्ज वाढलेलं असेल, तर पाणी उणे टक्क्यातून येतंय.

आणि पोस्ट?

खरी तुलना इथे आहे. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर एप्रिल २०२३ पासून २०२५ संपेपर्यंत ८.२ टक्के होता, आणि पैसे ठेवताना जो दर असेल तो पाच वर्षं बदलत नाही. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे. सोलापुरातल्याच एका सहकारी बँकेचा परवाना २०२२ मध्ये रद्द झाला तेव्हा त्या विम्याची किंमत लोकांना कळली. शेअरला असला विमा नाही. डिव्हिडंडवर तुमच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो, आणि एका कंपनीकडून वर्षाला दहा हजारांहून जास्त आला तर आधीच दहा टक्के कापून येतो. शेअरच्या बाजूने एकच मुद्दा, पण भारी: पोस्टाचं व्याज पाच वर्षं तेवढंच राहतं, ओएनजीसीचे ३.६० चे १२.२५ झाले.

मी आप्पांना सांगितलं ते असं. औषधाचा आणि वाण्याचा खर्च ज्या पैशांतून भागतो ते चार लाख पोस्टात. उरलेल्या दोनातले निम्मे ओएनजीसी, निम्मे पेट्रोनेट, तेही एकदम नाही, वर्षभरात चार वेळा. तेलविक्री कंपन्या घ्यायच्याच असतील तर डिव्हिडंड शून्य झालेला असताना घ्या, यादीत पहिल्या असताना नको. आणि रेकॉर्ड डेटच्या (डिव्हिडंड कोणाला द्यायचा हे ठरण्याच्या तारखेच्या) आदल्या दिवशी घेऊन डिव्हिडंड पदरात पाडायची हुशारी करू नका. एक्स-डेटला, म्हणजे घेतलेल्या शेअरवर तो डिव्हिडंड मिळेनासा होतो त्या दिवशी, भाव साधारण तेवढाच उतरून उघडतो, वर कर तुमच्या डोक्यावर.

आप्पांनी वहीत इंडियन ऑइलपुढचा १२ खोडला आणि तिथे ३, १२, ३ असं लिहिलं. मग त्यांनी डिमॅटचा कागद पुढे केला. त्यावरचं बँक खातं जुन्या शाखेचं निघालं, शाखा विलीन होऊन कोड बदललेला. असा अडकलेला डिव्हिडंड सात वर्षं कोणी घेतला नाही तर सरकारच्या निधीत जमा होतो. म्हणून शेअर नंतर, उद्या अकरा वाजता आधी बँकेत जायचंय.