व्हॉट्सॲप बिझनेस: चौकशीपासून अपॉइंटमेंटपर्यंत

व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप भारतात जानेवारी 2018 मध्ये आले आणि छोट्या व्यावसायिकांसाठी ते विनामूल्य आहे. डोंबिवली पूर्वेतील तीन खुर्च्यांच्या एका लेडीज सलूनच्या अपॉइंटमेंट मी सांभाळते. इन्स्टाग्राम आणि गूगलवरून येणाऱ्या चौकशीतून प्रत्यक्ष अपॉइंटमेंट ठरवण्यासाठी आम्ही मुख्यतः हेच ॲप वापरतो, आणि हे परीक्षणही तेवढ्याच कामापुरते आहे. मत आधीच सांगून टाकते: बोलणे पुढे नेण्यात हे ॲप उत्तम आहे, मात्र कोणती खुर्ची किती वाजता रिकामी होणार हे त्याला मुळीच कळत नाही, आणि सलूनमध्ये सगळे अडते ते तिथेच.

चौकशी कुठून आली यावर तिचा रंग ठरतो. गूगल मॅप्सवर ‘जवळचे सलून’ शोधून आलेली बाई बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी येण्याच्या तयारीत असते. तिला फक्त वेळ आणि पत्ता हवा असतो. इन्स्टाग्रामवरची चौकशी मात्र रीलखाली ‘प्राइस?’ या एका शब्दाने सुरू होते आणि बऱ्याचदा तिथेच विरते. आमच्याकडे अशा चौकश्यांची गर्दी संध्याकाळी सातनंतर होते, कारण मुंबईहून परतणाऱ्या बायका लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की फोन उघडतात. नेमक्या त्याच वेळी सलूनमध्येही गर्दी असते आणि उत्तर द्यायला कोणाचा हात मोकळा नसतो. उत्तर रात्री दहाला गेले, तर तोवर तिने आणखी दोन सलूनना विचारलेले असते.

ही अडचण ॲप बऱ्यापैकी सोडवते. त्यातून एक छोटी लिंक तयार करता येते आणि लिंकसोबत आधीच लिहिलेला मजकूरही जोडता येतो. इन्स्टाग्रामच्या बायोमध्ये दिलेल्या आमच्या लिंकवर बोट ठेवले की ‘मला अपॉइंटमेंट हवी आहे. सेवा: , सोयीचा दिवस: ’ असा मजकूर टाइप झालेलाच समोर येतो. मोकळ्या जागा भरणारी ग्राहक आणि नुसते ‘हाय’ पाठवणारी ग्राहक यांच्यात मोठा फरक असतो, कारण पहिलीने दिवसाचा विचार सुरू केलेला असतो. पहिल्यांदा किंवा 14 दिवसांच्या खंडानंतर संदेश पाठवणाऱ्याला आपोआप स्वागत संदेश जातो, आणि बंद वेळेसाठी वेगळा संदेश लावता येतो. या संदेशांत ‘आपला संदेश आमच्यासाठी मोलाचा आहे’ छापाचे काही लिहू नये. सलून किती वाजता उघडते, सोमवारी बंद असते आणि उत्तर केव्हापर्यंत मिळेल, एवढे पुरे.

सर्वांत उपयोगी सोय म्हणजे झटपट उत्तरे. तिरकी रेघ टाइप करून ठरवलेला छोटा शब्द लिहिला की तयार मजकूर समोर येतो, आणि असे 50 मजकूर साठवता येतात. ही सोय किंमतपत्रक चिकटवण्यासाठी वापरणे म्हणजे ती वाया घालवणे होय. ग्लोबल कलरची, म्हणजे सगळ्या केसांना एकच रंग लावण्याची, किंमत केसांची लांबी, दाटपणा आणि आधी काय लावले आहे यावर ठरते. त्यामुळे नुसता आकडा पाठवला, की एक तर ग्राहक बिचकते, नाही तर खुर्चीत बसल्यावर वाद होतो. आमचे रंगाच्या चौकशीचे तयार उत्तर असे आहे: ‘ताई, नक्की सांगते. केस मोकळे सोडून खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात मागून एक फोटो पाठवाल का? आणि गेल्या वर्षभरात मेंदी, रंग किंवा स्मूथनिंग केले आहे का?’

यातला मेंदीचा प्रश्न औपचारिकता म्हणून विचारलेला नाही. बाजारातल्या काही मिश्र मेंद्यांमध्ये धातूंचे क्षार असतात. त्यांची केसांचा रंग उतरवणाऱ्या ब्लीचमधल्या पेरॉक्साइडशी क्रिया होऊन केस गरम होऊ शकतात आणि तुटूही शकतात. एका ताईंनी राखाडी छटेच्या हायलाइट्सचा रील पाठवून किंमत विचारली होती. फोटोत केसांचा मधला भाग तांबूस दिसत होता आणि विचारल्यावर काळ्या मेंदीचे नाव निघाले. त्यांना हायलाइट्सची किंमत न सांगता आधी एका बटेवर चाचणी आणि त्वचेची पॅच टेस्ट (रंगाची ॲलर्जी आहे का, हे थोडासा रंग लावून पाहणे) सुचवली, त्यासाठी मंगळवारी दुपारची पंधरा मिनिटे दिली आणि त्या आल्या. पॅच टेस्ट रंगाच्या 48 तास आधी करायची असल्यामुळे ही छोटी भेट आपोआपच मोठ्या अपॉइंटमेंटची पहिली पायरी ठरते. ‘कधी येता?’ असे मोघम विचारण्यापेक्षा ‘मंगळवारी तीन किंवा बुधवारी साडेबारा, काय जमेल?’ असे विचारल्यावर उत्तर लवकर येते, हे कोणत्याही ॲपच्या माहितीपत्रकात सापडणार नाही.

आता उणीव. या ॲपमध्ये सलूनच्या वेळापत्रकाची सोय नाही. कॅटलॉगमध्ये सेवा, फोटो आणि किंमत टाकता येते, पण त्या सेवेला किती वेळ लागतो आणि त्यातला किती वेळ कारागिराचे हात गुंतलेले असतात, याची नोंद ठेवायला जागा नाही. रूट टच-अपचे, म्हणजे मुळाशी वाढलेल्या केसांना रंग लावण्याचे, उदाहरण घ्या. रंग लावून झाला की तो चढेपर्यंत अर्धा-पाऊण तास जातो, आणि तेवढ्यात तीच कारागीर दुसऱ्या खुर्चीवर एक हेअरकट आटोपते. केस मऊ-सरळ करणाऱ्या केराटिनमध्ये मात्र प्रेसिंग, म्हणजे केसांवर गरम इस्त्री फिरवणे, सुरू झाले की तिला हलता येत नाही. हा हिशेब न करता आलेल्या प्रत्येक संदेशाला ‘हो, या’ म्हटले तर रविवारी दारात रांग लागते, आणि अपॉइंटमेंट घेऊनही ताटकळलेली ग्राहक पुन्हा फिरकत नाही. त्यामुळे काउंटरवर अजूनही आडव्या रेघांची जाड वही आहे. खुर्चीगणिक एक रकाना, अर्ध्या तासाला एक ओळ, आणि नोंद पेन्सिलीने. व्हॉट्सॲपवर ‘ठरले’ असे लिहिण्याआधी वहीत नाव पडले पाहिजे, हा नियम आम्ही काटेकोरपणे पाळतो.

वाराचा हिशेबही माणसालाच करावा लागतो. मंगळवार, गुरुवार, शनिवार किंवा अमावास्येला केस न कापणारी घरे आमच्या भागात पुष्कळ आहेत, आणि श्रावणात कटची मागणी आणखी घटते. कट नको असला तरी स्पा किंवा हेड मसाज चालतो, म्हणून अशा दिवसांच्या मोकळ्या वेळा त्या सेवांची चौकशी करणाऱ्यांना आधी सुचवतो. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू झाली, की प्रश्न उलटा होतो आणि चौकशीला सौम्य शब्दांत पुढची तारीख द्यावी लागते.

तीन-चार तास लागणाऱ्या कामांसाठी आम्ही 500 रुपये टोकन यूपीआयने घेतो आणि ते बिलातून वजा करतो. टोकन मागायला संकोच वाटतो हे खरे; पण आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवले तर पैसे परत मिळतील, हे त्याच संदेशात लिहिले की फारशी कोणी हरकत घेत नाही. या टप्प्यावर ॲपमधली लेबले फार कामाची ठरतात. ‘फोटो बाकी’, ‘टोकन बाकी’, ‘ठरले’ आणि ‘पुन्हा विचारायचे’ अशी चार रंगांची लेबले लावली की रात्री दुकान आवरताना अर्धवट राहिलेली बोलणी एका नजरेत दिसतात. ‘पुन्हा विचारायचे’ या लेबलखालच्या ग्राहकांना एकदाच विचारावे; दुसऱ्यांदा विचारले की तो तगादा होतो. आठवणीचा संदेश आदल्या संध्याकाळी हातानेच पाठवावा लागतो, कारण अपॉइंटमेंटची वेळ ॲपला माहीतच नसते. तो पाठवताना सोबत लोकेशन टाकले की गल्ली चुकल्याचे फोन थांबतात.

ऑफर एकाच वेळी अनेकांना पाठवण्याच्या सोयीबद्दल मला फारसा उत्साह नाही. साध्या ब्रॉडकास्ट यादीतला संदेश ज्यांनी आपला नंबर साठवून ठेवला आहे त्यांनाच पोचतो, आणि सणासुदीला प्रत्येकीच्या फोनवर अशा ऑफरींचा पाऊसच पडत असतो. त्यापेक्षा रंग लावून सहा आठवडे झालेल्या ग्राहकेला तिच्या नावाने लिहिलेल्या दोन ओळी अधिक फळतात.

या ॲपला जोड हवी ती गूगलवरच्या बिझनेस प्रोफाइलची. तेही विनामूल्य आहे. तिथली चॅटची जुनी सोय 31 जुलै 2024 रोजी बंद झाली, पण फोन नंबर, उघडण्याच्या वेळा आणि सणांच्या वेगळ्या वेळा नीट भरलेल्या असणे फार महत्त्वाचे आहे. सोमवारी उघडे असल्याचे दिसले आणि ग्राहक जिना चढून कुलूप बघून गेली, तर ती पुढे चौकशी करत नाही. चांगल्या अभिप्रायाच्या बदल्यात सवलत देणे गूगलच्या नियमांत बसत नाही, तरी आमच्या परिसरात तशा पाट्या दिसतात.

पैसे घेऊन वेळापत्रक सांभाळणारी बुकिंग सॉफ्टवेअरही बाजारात आहेत. त्यांतल्या काहींमध्ये ग्राहक स्वतःच मोकळी वेळ निवडते आणि आठवण आपोआप जाते. एका कंपनीचा प्रतिनिधी आमच्याकडे येऊन गेला. नव्या ग्राहकाच्या पहिल्या बिलावर टक्केवारी द्यावी लागेल हे त्याने अगदी शेवटी, उठता उठता सांगितले. तीन खुर्च्यांसाठी आम्हाला ते परवडणारे वाटले नाही. सहा-सात कारागीर आणि दोन शाखा असतील, तर मात्र वही आणि व्हॉट्सॲप यांची सांगड टिकणार नाही आणि असे सॉफ्टवेअर घ्यावेच लागेल. फक्त टक्केवारीचा प्रश्न सुरुवातीलाच विचारावा.

ॲप सुरू करणाऱ्यांनी सिमकार्ड सलूनच्या मालकिणीच्या नावावरच घ्यावे. एका फोनसोबत आणखी चार उपकरणे जोडता येतात, त्यामुळे काउंटरच्या संगणकावर आणि मालकिणीच्या घरीही तीच संभाषणे दिसतात. कामावरची एखादी मुलगी नोकरी सोडून गेली, तर जोडलेल्या उपकरणांच्या यादीतून तिचा फोन त्याच दिवशी काढून टाकावा.