स्टेशनासमोरच्या दुकानांच्या रांगेबद्दल उशिराने दिलेला अभिप्राय

लंडनच्या वायव्येला मेट्रोपॉलिटन रेल्वेच्या कडेने दोन महायुद्धांच्या दरम्यान जी उपनगरे वसली, तिथे बहुतेक स्टेशनांबाहेर दुकानांची एक रांग दिसते. खाली दुकाने आणि वरच्या मजल्यांवर बिऱ्हाडे. हॅरोच्या बाजूला अशाच एका रांगेत 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात आमच्या घरची रोजची खरेदी होत असे. त्या दुकानांविषयी गहिवरून बोलणारे पुष्कळ भेटतात. म्हणून गिऱ्हाइकाच्या नजरेने ती खरोखर कशी होती, हे इथे नोंदवतो.

पहिला क्रमांक निःसंशय हार्डवेअरच्या दुकानाचा. आत शिरताच रॉकेलचा वास नाकात भरे, कारण त्या काळी पुष्कळ घरांत रॉकेलच्या शेगडीवर एखादी खोली ऊबदार ठेवत आणि लोक आपापले डबे घेऊन ते भरून न्यायला येत. काउंटरमागच्या भिंतीवर छतापर्यंत लाकडी खण होते आणि प्रत्येक खणावर आतल्या मालाचा एकेक नमुना, म्हणजे एक बिजागरी, एक कडी किंवा एक हूक, अडकवलेला असे. बाबांनी मोडका स्क्रू पुढे केला की तपकिरी डगला घातलेले मालक तो बोटांत फिरवून पाहत, भिंत विटेची की प्लास्टरची हे विचारत आणि नेमका खण उघडून तीन हवे असतील तर तीनच स्क्रू कागदाच्या पुडीत घालून देत. एवढ्याशा विक्रीत त्यांना काय सुटत असेल ते उघडच आहे, पण मागे रांग लागली असली तरी त्यांनी कधी घाई केल्याचे आठवत नाही. माझ्या मते दुकानाची खरी परीक्षा इथेच होते: थोडा माल मागणाऱ्याला किती वेळ आणि किती लक्ष मिळते.

याच कसोटीवर वर्तमानपत्रे व गोळ्या विकणारे दुकान दुसरे येते. काचेच्या बरण्यांतून लेमन शर्बत, पेअर ड्रॉप, कोला क्यूब अशा गोळ्या पाव पौंडाच्या, म्हणजे सुमारे 113 ग्रॅमच्या, मापाने मिळत आणि पैसे कमी असतील तर दोन औंस, म्हणजे त्याच्या निम्मेसुद्धा, तोलून देत. बरणी तिरकी करून मालकीणबाई गोळ्या पारड्यात अशा बेताने सोडत की काटा खुणेवर टेकता टेकता त्यांचा हात थांबे. मग एखादी गोळी जास्त पडली तर ती परत बरणीत जाते की पिशवीत, याकडे आम्हा मुलांचे डोळे लागलेले असत. बहुतेक वेळा ती परत जाई. ब्लॅक जॅक आणि फ्रूट सॅलड नावाच्या चघळायच्या सुट्या गोळ्या अर्ध्या पेनीला एक मिळत असल्यामुळे ते चिमुकले नाणे आम्हाला फार मोलाचे होते. 1984 च्या अखेरीस ते चलनातून गेले.

फळे-भाजीवाल्याला मात्र मी चांगले गुण देऊ शकत नाही. पुढे हिरव्या प्लास्टिकच्या गवतावर टवटवीत टोमॅटो रचलेले असत, त्यांना हात लावायची मनाई होती आणि पिशवीत पडणारा माल मागच्या पेटीतून येई. आईने एकदा तक्रार केली तेव्हा ‘बरं, लव्ह’ (तिकडच्या दुकानदारांचे गिऱ्हाइकाला लाडाचे संबोधन) एवढेच उत्तर मिळाले, टोमॅटो काही बदलले नाहीत. कोथिंबीर आणि हिरव्या मिरच्यांसाठी तर भारतीय दुकाने असलेली जवळची वेम्ब्लीच गाठावी लागे.

वेळांबद्दलही बोलले पाहिजे. कायद्याने आठवड्यातून एक दिवस दुपारनंतर दुकाने बंद ठेवावी लागत. आमच्याकडे तो दिवस बुधवार होता. रविवारचे नियम तर अजबच होते: दुकानांविषयीच्या 1950 च्या कायद्यानुसार वर्तमानपत्रे, गोळ्या आणि ताजे दूध विकता येई, पण तळलेल्या मासे-बटाट्याच्या (फिश अँड चिप्सच्या) खास दुकानाला रविवारी आपला तोच माल विकायची परवानगी नव्हती. 1986 मध्ये रविवारची बंधने उठवणारे थॅचर सरकारचे विधेयक ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभागृहाने फेटाळले आणि मोकळीक यायला 1994 उजाडले. सुट्टी एकच असलेल्या नोकरदारांची यात किती अडचण होत असे, हे जुन्या दिवसांची स्तुती करणारे सहसा सांगत नाहीत.

पुढे गोळ्यांचे दुकान युगांडाहून आलेल्या एका गुजराती कुटुंबाने घेतले. रात्री उशिरापर्यंत दिवा जळू लागला, वर्तमानपत्रांशेजारी हिंगाची डबी दिसू लागली आणि आई ज्यांना ‘भाभी’ म्हणे त्या बाई मेथीची जुडी आमच्यासाठी बाजूला काढून ठेवू लागल्या. बरण्या त्यांनी हलवल्या नाहीत, हे त्यांच्या व्यापारी शहाणपणाला धरूनच झाले. सेवेत खरी सुधारणा झाली ती तेव्हाच, आणि जुन्या मालकीणबाईंचा मान राखूनही हे म्हणायला हवे.

हार्डवेअरच्या जागी आता कॉफीचे दुकान आहे. कॉफी बरी, खुर्च्या अवघड. गोळ्यांचे दुकान अजून चालू आहे, पण 2000 सालापासून सुटा माल मेट्रिक मापातच तोलावा लागत असल्यामुळे ‘पाव पौंड द्या’ म्हटले की शंभर ग्रॅम मिळतात. वरच्या तेरा ग्रॅमांसाठी वेगळे सांगावे लागते, आणि सांगितले तर ते कपाळाला आठी न घालता तोलून देतात.