‘मराठी फर्मवेअर’च्या नावाखाली माझे १७,७९९ रुपये गेले. मेकॅनिकल कीबोर्ड घेणाऱ्यांनी वाचा.

१७,७९९ रुपये. आकडा आधीच सांगते, कारण पोलिसांपासून बँकेपर्यंत प्रत्येकाने मला “साधारण किती गेले?” असं विचारलं आणि त्या ‘साधारण’ने माझं डोकं फिरलं. कीबोर्डचे ९,४००. सायलेंट स्विचचे (स्विच म्हणजे प्रत्येक बटणाखालचा भाग, हे आवाज न करणारे) २,२५०. ‘मराठी फर्मवेअर’चे (फर्मवेअर म्हणजे कीबोर्डच्या चिपमधलं सॉफ्टवेअर) १,४९९. बदली कीबोर्डच्या कस्टम ड्यूटीचे ४,६५०. सगळे यूपीआयने दिले आणि प्रत्येकाचा स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे.

मी ठाण्यात वर्तकनगरला राहते. घरून मराठी डीटीपी आणि मुद्रितशोधन करते. घरी मॅक मिनी हा ॲपलचा छोटा कॉम्प्युटर आहे, त्याच्यासोबत कीबोर्ड येत नाही, आपला आपण घ्यावा लागतो. अधूनमधून ऐरोलीला क्लायंटच्या ऑफिसात बसावं लागतं. तिथे विंडोज आहे आणि काहीही इन्स्टॉल करायला सक्त मनाई. टायपिंग इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या प्रमाणित कीबोर्ड मांडणीत. इनस्क्रिप्टवाल्यांना माहीत आहे की ळ हवा तर शिफ्ट धरून एन दाबायचा आणि ‘ऱ्या’मधला ऱ हवा तर शिफ्ट-जे. दिवसभर वेळ, काळ, सगळे, करणाऱ्या, येणाऱ्या असं टाइप करून रात्री करंगळी ठणकते. म्हणून मला असा कीबोर्ड हवा होता ज्याच्या स्वतःच्या चिपमध्ये बदल साठवता येतात. उजव्या आल्टवर शिफ्ट-एन बसवायचं, की एका बोटात ळ. घरी लावा, ऑफिसात लावा, बदल कीबोर्डबरोबर येतो.

असे कीबोर्ड खरंच मिळतात. क्यूएमके नावाचं मुक्त फर्मवेअर असतं आणि ते ज्यात आहे त्यातले बरेचसे कीबोर्ड व्हाया नावाच्या वेबपानावरून, क्रोममध्ये, पाहिजे तसे बदलता येतात. हे सगळं वाचून-समजून मी खरेदीला निघाले होते. “अभ्यास न करता घेतलं असेल” असं घरात आणि बाहेर दोन्हीकडे ऐकून झालंय, म्हणून मुद्दाम लिहिते.

मला फसवणारा हा विक्रेता कीबोर्डवाल्यांच्या एका चॅट ग्रुपवर भेटला. वाशीचा आहे म्हणाला. ग्रुपमध्ये सगळ्यांना नीट उत्तरं द्यायचा. मी ळ आणि ऱ्याची अडचण लिहिली, तर इतकी वर्षं मी जे दुकानदारांना समजावून थकले ते याला एका वाक्यात कळलं. “ताई, शिफ्टची कटकटच काढून टाकू.” विश्वास बसला तो इथे. ‘मराठी टायपिंग म्हणजे मोबाइलवर बोलून करतात ते ना?’ असं विचारणाऱ्या दुकानांमध्ये फिरलेल्या कुणाचाही बसला असता.

तलावपाळीला एका हॉटेलात डेमो झाला. आता नीट वाचा. त्याने स्वतःचा लॅपटॉप आणला होता, त्याला डेमोचा कीबोर्ड जोडला होता. उजवी आल्ट दाबली, स्क्रीनवर ळ. पुन्हा दाबली, ळ. मग वेटर चहा ठेवायला आला, तेव्हा या विक्रेत्याने कीबोर्ड बाजूला सरकवला आणि बोलता बोलता त्याचं बोट लॅपटॉपच्याच आल्टवर पडलं. स्क्रीनवर ळ उमटला. लॅपटॉपच्या आल्टवरून! मी ते डोळ्यांनी बघितलं. त्याने लगेच बॅकस्पेस मारला आणि “ताई, साखर कमी चालेल ना?” विचारलं.

बदल जर कीबोर्डच्या चिपमध्ये असता तर लॅपटॉपच्या बटणातून ळ येणं शक्यच नव्हतं. याचा अर्थ बदल विंडोजमध्ये केला होता. पॉवरटॉइज नावाचं मायक्रोसॉफ्टचंच फुकट साधन आहे, त्यात बटण बदललं की त्या मशीनला लावलेल्या सगळ्या कीबोर्डांना ते लागू होतं. म्हणजे डेमोचा कीबोर्ड कुठलाही चारशे रुपयांचा असता तरी चाललं असतं. तो एक ळ माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही. पण समोर माणूस भरभर बोलतोय, स्विच दाखवतोय, ते एका सेकंदात पुसलं गेलंय, अशा वेळी कोण उठून म्हणणार की थांबा, हे परत दाबा? लोक म्हणतात लक्ष द्यायला हवं होतं. लक्ष होतं, म्हणून तर आज सांगू शकतेय.

तिथेच ३,००० ॲडव्हान्स दिले. कुरिअर निघताना ६,४००. रात्री काम करते, एका खोलीत सासूबाई झोपलेल्या असतात, म्हणून आवाज न करणारे स्विच वेगळे मागितले, त्याचे २,२५०. “हॉट-स्वॅप आहे, चिमट्याने ओढा, नवे दाबून बसवा.”

कीबोर्ड आला तो दिसायला देखणा. क्रोममध्ये व्हाया उघडलं तर यादीत कीबोर्ड दिसेचना. फोन केला तर म्हणे त्यात इंग्रजी फर्मवेअर आहे, मराठीचं लायसन्स १,४९९ ला पडतं. हे डोक्यात कोरून ठेवा: मराठी फर्मवेअर असं काही लागत नाही. कीबोर्ड ळ पाठवत नाही, तो फक्त कुठलं बटण दाबलं ते पाठवतो. अक्षर कॉम्प्युटर ठरवतो. ‘मराठी फर्मवेअर’चे पैसे जो मागेल त्याचा फोन तिथेच ठेवून द्या.

मी पैसे भरले, कारण ९,४०० आधीच अडकले होते. त्याने स्क्रीन ताब्यात घेण्याचं ॲप टाकायला लावलं आणि माझ्या मॅकवर काहीतरी चढवलं. मॅकने ‘इनपुट मॉनिटरिंग’ची, म्हणजे दाबलेली बटणं वाचण्याची, परवानगी मागितली, तो म्हणाला “अलाव करा.” केलं. आल्टवर ळ आला. नंतर कळलं की ते काराबिनर-एलिमेंट्स होतं, मॅकमध्येच बटणं बदलणारं, कुणालाही फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. चिपमध्ये साठवलेला बदल वापरायला मॅकची असली परवानगी लागत नाही.

ऐरोलीला कीबोर्ड लावला. उजवी आल्ट दाबली. काही नाही. शिफ्ट-एन केल्यावरच ळ. तेव्हा पोटात खड्डा पडला.

घरी येऊन चिमट्याने स्विच ओढला तर निघेना, आणि जोर लावला तर वरचं झाकण तुटून हातात आलं. नौपाड्यातल्या एका रिपेअरवाल्या काकांनी तळ उघडून दाखवलं: प्रत्येक स्विचच्या दोन्ही पायांना कथलाचे डाग दिलेले. सॉकेट एकही नाही, म्हणजे हॉट-स्वॅप नव्हताच. “जेन्युइन चेरी” म्हणून विकलेल्या स्विचवर चेरी या स्विच कंपनीचा छाप नव्हता. खऱ्या चेरीच्या झाकणावर तो असतो, बटणाची टोपी काढली की दिसतो. डेमोत त्याने टोपी काढली होती ती लांबून. तुम्ही हातात घ्या.

त्याला सगळे फोटो पाठवले. अतिशय नम्रपणे म्हणाला, चुकीचा पीस आला ताई, बदली पीस येतोय, कस्टममध्ये ४,६५० भरा, दोन्ही मिळून परत करतो. भरले. कारण वाद न घालता चूक कबूल करणारा माणूस खोटं बोलत असेल असं वाटत नाही. त्याच संध्याकाळी मला ब्लॉक केलं, ग्रुपमधूनही गेला.

आता पुढचं. पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदारांनी पहिलं काय विचारलं? “वस्तू मिळाली ना? चालू आहे ना? मग फसवणूक कुठली?” मी फोटो दाखवले, डाग दाखवले, चॅट दाखवलं. ते म्हणाले, हा दिवाणी मामला. मग म्हणाले, माणूस वाशीचा, तिकडची हद्द. तिकडे गेले तर म्हणाले, पैसे ठाण्यातून गेले, भेट ठाण्यात झाली, इकडे कशाला आलात? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची असते, झिरो एफआयआर म्हणतात तो हाच. मी कलमाचं नाव घेतलं तर “मॅडम, तुम्ही वकील आहात का?” शेवटी तक्रार अर्ज घेतला, पोहोच द्यायला मात्र शिक्का सापडत नव्हता. मी बाकावरून उठले नाही तेव्हा सापडला. सतरा हजारांसाठी कोण धावणार, हे एका हवालदाराने मला तोंडावर सांगितलं. माझ्यासाठी ते दीड पुस्तकाचं काम आहे, साहेब.

बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा ग्राहकाच्या जबाबदारीचा नियम ‘अनधिकृत’, म्हणजे ग्राहकाने स्वतः न केलेल्या, व्यवहारांसाठी होता, म्हणून माझ्यासारखीला त्यात जागाच नव्हती. ग्राहक आयोगात जायचं तर पाच लाखांपर्यंत फी नाही आणि आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पण विरुद्ध पक्षाचं नाव-पत्ता लागतो. तो पत्ता पोलीसच काढू शकतात, आणि पोलीस म्हणतात ग्राहक आयोगात जा.

पैसे गेल्याचं कळताच त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, कारण पुढच्या खात्यातून पैसे निघेपर्यंतच ते गोठवता येतात. मी आधी त्याच्याशी भांडत बसले.

डेमो स्वतःच्या लॅपटॉपवर घ्या. तो नसेल तर ओटीजी जोडणी वापरून कीबोर्ड मोबाइलला लावा आणि बदललेलं बटण दाबा. चिपमध्ये असेल तर तिथेही चालेल. व्हाया दाखवत असेल तर क्रोम किंवा एजमध्ये दाखवायला सांगा, फायरफॉक्स आणि सफारीत ते चालतच नाही. एक स्विच तुमच्या हाताने उपटून परत बसवा, विकणारा कुरकुरला तर उठा. आणि एकाच कॉम्प्युटरवर काम असेल तर यासाठी महागडा कीबोर्ड घेऊच नका. कमांड-ऑप्शनची अदलाबदल मॅकच्या सेटिंगमध्ये फुकट होते, बाकीचं काराबिनरने.

त्याच्या तसल्याच डेमोचा व्हिडिओ आता दुसऱ्या नावाने फिरतोय. त्यातही त्याचा स्वतःचाच लॅपटॉप आहे. ठाणे-नवी मुंबईत आणखी कुणी याला पैसे दिले असतील तर पावत्या, चॅट आणि कुरिअरचं पाकीट टाकू नका, मला कळवा. माझ्या अर्जाची पोहोच तयार आहे. एकाच माणसाविरुद्ध चार-पाच अर्ज एकत्र गेले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली गुन्हा दाखल करा म्हणून पोलीस उपायुक्तांकडे लेखी मागणी करायची आहे.