चीनच्या कर्जांची खतावणी : एडडेटाचा ३.० संच वापरताना

कोणत्या देशाला किती कर्ज दिलं हे चीन ओईसीडीला, म्हणजे मदतीच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या संघटनेला, कळवत नाही. त्यामुळे परकीय मदतीमागचं राजकारण आकड्यांनी तपासताना नेमका चीनचाच रकाना रिकामा राहायचा. अमेरिकेतल्या विल्यम अँड मेरी विद्यापीठातल्या एडडेटा या संशोधनगटाने तो बराचसा भरला आहे. त्यांच्या माहितीसंचाच्या, नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत १६५ देशांतले २०,९८५ प्रकल्प आहेत. करारांची वर्षं २००० ते २०२१, एकूण रक्कम १.३४ लाख कोटी डॉलर. एवढं काम फुकट मिळतं, ही मोठीच गोष्ट आहे.

याची खरी श्रीमंती वर्णनाच्या रकान्यात आहे. व्याजदर, मुदत, तारण, कंत्राटदार असं जे सापडलं ते तिथे लिहिलेलं असतं आणि शेजारी स्रोतांचे दुवे असतात. शंका आली तर मूळ कागदापर्यंत जाता येतं.

चुका मात्र पहिल्याच बेरजेत होतात. फाइलमध्ये नुसत्या घोषणा, रद्द आणि स्थगित प्रकल्प, शिवाय अनेक कर्जांना कवेत घेणारे छत्री-करारही आहेत. म्हणून आधी ‘रेकमेंडेड फॉर अ‍ॅग्रीगेट्स’ या रकान्यात ‘येस’ची चाळणी लावा आणि मगच बेरीज करा. नाहीतर तोच पैसा दोनदा मोजला जातो.

दुसरी चूक जास्त महागात पडते. हे आकडे मंजूर रकमेचे आहेत. प्रत्यक्ष हातात पडलेला पैसा किंवा आज फेडायचं राहिलेलं कर्ज वेगळं. जागतिक बँकेच्या कर्ज-आकडेवारीशेजारी हे ठेवून ‘लपवलेलं कर्ज’ शोधू नका. अनुदानं, वैद्यकीय पथकं, शिष्यवृत्त्या यांच्या कित्येक नोंदींत रक्कमच नसते. तिथे शून्य धरलं जातं आणि निष्कर्ष झुकतो, म्हणून प्रकल्पसंख्येवरही तोच हिशेब करून पाहावा.

मदत आणि कर्ज एकत्र कालवणं तर अगदी टाळावं. हंबनटोटा बंदराच्या पहिल्या टप्प्यासाठी चीनच्या एक्झिम बँकेने श्रीलंकेला ३०.७ कोटी डॉलर ६.३ टक्के दराने दिले. असं कर्ज सवलतीच्या मदतीत मोडत नाही. संचात ‘ओडीए-लाइक’ (विकासासाठीची सवलतीची मदत), ‘ओओएफ-लाइक’ (त्यात न बसणारा इतर सरकारी पैसा) आणि ‘व्हेग’ (माहितीअभावी वर्ग ठरवता न आलेला) असे तीन वर्ग आहेत. तिन्हींचं गणित वेगवेगळं मांडावं.

हा फरक पाळला की संचाचं मोल कळतं. आफ्रिकेत सत्ताधाऱ्याच्या जन्मप्रदेशाकडे चिनी पैसा जास्त वळतो आणि जागतिक बँकेच्या प्रकल्पांत तसं दिसत नाही, हा निष्कर्ष एडडेटाच्याच आधीच्या नोंदींतून निघाला. या पैशाचा आर्थिक वाढीवरचा परिणाम मोजताना कारण आणि परिणाम उलटे पडू शकतात, कारण अडचणीतल्या देशालाच कर्ज जास्त मिळत असू शकतं. त्यावर अभ्यासकांनी चीनच्या पोलाद उत्पादनातल्या चढउतारांचा आधार घेतला. पोलाद उरलं की बाहेरचे प्रकल्प वाढतात. घेणाऱ्या देशाच्या तब्येतीशी त्याचा थेट संबंध नाही. नवख्या अभ्यासकाने आधी ही युक्ती नीट समजून घ्यावी.

मुंबई मेट्रो ३ साठीचं जायका या जपानच्या सरकारी मदतसंस्थेचं कर्ज इथे सापडणार नाही. ते ओईसीडीच्या नोंदींत शोधावं. आणि जुनी २.० आवृत्ती हाताशी असेल तर तिच्या रकमा २०१७ च्या स्थिर डॉलरांत (महागाईचा फरक काढून त्या वर्षाच्या किमतींत) आहेत, ३.० च्या २०२१ च्या. दोन्हींतल्या ओळी एका तक्त्यात चिकटवू नका.