२० मि.मी.चा शाफ्ट आणि खारा वारा: झिंक, निकेल की स्टेनलेस?

समजा, २० मि.मी. व्यासाचा ग्राइंड केलेला शाफ्ट आहे. बेअरिंगच्या जागी स्मॉल एच६ (शाफ्टच्या मापाला किती फरक चालेल, ते सांगणारी खूण), म्हणजे व्यास १९.९८७ ते २०.०००. टोकाला एम६ चे आटे. यंत्र बसणार रत्नागिरी-मालवणच्या बाजूला. ड्रॉइंगवर बहुतेक वेळा ‘गंज लागू नये’ एवढंच लिहिलेलं असतं आणि चर्चा थेट भावावर जाते. आधी टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, बघा. निम्मे पर्याय तिथेच गळतात.

ईएन८ (मध्यम कार्बनचं साधं पोलाद) वर झिंक प्लेटिंग सर्वांत स्वस्त. ओरखडा पडला तरी झिंक आधी स्वतः झिजतं आणि खालचं पोलाद वाचवतं, हा त्याचा मोठा गुण. पण करंट कडांकडे जास्त ओढला जातो, त्यामुळे कडांवर थर जाड आणि खाचांत पातळ बसतो. १३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मि.मी.चा हजारावा भाग) फिटमध्ये हे चालत नाही. बेअरिंगची जागा मास्क केली, म्हणजे प्लेटिंगच्या वेळी झाकली, तर नेमकी तीच उघडी राहून गंजते. आट्यांचं गणित आणखी कडक आहे: ६० अंशांच्या आट्यात पिच व्यास थराच्या चौपट वाढतो. एम६ च्या ६जी (बाहेरच्या आट्यांचा नेहमीचा टॉलरन्स) आट्याला वरून २६ मायक्रॉनची मोकळीक असते, म्हणजे थर साडेसहा मायक्रॉनच्या वर गेला की गो गेज (आट्यात सहज जायलाच हवा असा तपासणीचा गेज) अडू शकतो. जॉब साधारण ३९ एचआरसीपेक्षा (रॉकवेल सी, कडकपणाचं माप) कडक असेल, तर प्लेटिंगनंतर ४ तासांच्या आत १९०-२२० अंशांवर बेकिंग हवंच. नाहीतर आत शिरलेल्या हायड्रोजनमुळे शाफ्ट भाराखाली अचानक तुटू शकतो. पॅसिव्हेशन (झिंकवर दिला जाणारा रासायनिक संरक्षक थर) बेकिंगनंतर करायचं, कारण त्याचा थर एवढी उष्णता सोसत नाही.

इलेक्ट्रोलेस निकेलमध्ये (रासायनिक द्रावणातून बसणारा निकेलचा थर) करंटच नसतो. थर कोपऱ्यात, खाचेत सगळीकडे जवळपास सारखा बसतो, म्हणून प्रिसिजन कामात त्याला मान आहे. मात्र तो झिंकसारखा स्वतः झिजून पोलाद वाचवत नाही, फक्त झाकतो. एखादं सूक्ष्म छिद्र राहिलं की सगळा गंज त्याच बिंदूत खोल शिरतो. म्हणून खाऱ्या हवेसाठी हाय फॉस्फरस (थरात फॉस्फरस जास्त असलेला प्रकार) आणि निदान २५ मायक्रॉन मागा. तेवढा थर आट्यांवर चालणार नाही. तिथे मास्किंग करा, नाहीतर आटे आधीच १०० मायक्रॉनने लहान काढा. शाफ्टचा हिशोब असा: थर २३ ते २७ मायक्रॉन आला तर व्यास ४६ ते ५४ ने वाढेल, म्हणजे प्लेटिंगआधी ग्राइंडिंग १९.९४१ ते १९.९४६ मध्ये. ग्राइंडरला उरले फक्त ५ मायक्रॉन. कडकपणासाठी ४०० अंशांवर तापवायचा मोह टाळा. थराला बारीक तडे जातात आणि गंजरोधकता घटते.

आमचा कल स्पष्टपणे स्टेनलेसच्या ३१६ या ग्रेडकडे आहे. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, आणि क्लोराइडने पडणाऱ्या खड्ड्यांना तेच रोखतं. नेहमीच्या ३०४ ग्रेडमध्ये ते नाही. ३०३ मशीनिंगला छान, पण त्यातल्या गंधकामुळे किनाऱ्यावर बाद. ३०४ आणि ३१६ चुंबकाने ओळखता येत नाहीत, मॉलिब्डेनमची स्पॉट टेस्ट करूनच बार घ्या. स्टेनलेसला ‘गंज लागला’ अशी तक्रार येते तेव्हा अनेकदा दोष वर्कशॉपचा असतो: साध्या पोलादाचे कण वायर ब्रशमधून, ग्राइंडिंग व्हीलमधून पृष्ठभागात रुततात आणि तेच तांबडे होतात. म्हणून शेवटी नीट डीग्रीज करून (तेल-ग्रीस काढून) पॅसिव्हेशन करा, म्हणजे इथे ॲसिडने ते कण काढा: २० ते ४५ टक्के नायट्रिक ॲसिड, साध्या तापमानाला अर्धा तास. माप बदलत नाही, हाच इथे सर्वांत मोठा फायदा. आट्यांवर अँटी-सीझ ग्रीस लावा, नाहीतर स्टेनलेस नट चावून बसतो.

३१६ मऊ आहे. सील घासून शाफ्टवर चर पडत असेल तर १७-४ पीएच (एजिंगने, म्हणजे ठरावीक तापमानाला तापवून, कडक होणारं स्टेनलेस) घ्या, पण गंजरोधकता ३०४ च्या आसपासच मिळेल हे ग्राहकाला आधी सांगा. एजिंगच्या एच९०० ऐवजी एच१०२५ (त्याहून जास्त तापमानाची) प्रक्रिया निवडा. कडकपणा थोडा कमी मिळतो, पण क्लोराइडमध्ये तडकण्याचा धोका बराच उतरतो. एजिंगमध्ये जॉब आकसतो. एच९०० ला सुमारे ०.०५ टक्के, म्हणजे २० मि.मी.वर १० मायक्रॉन. त्यामुळे आधी एजिंग, मगच फायनल ग्राइंडिंग.

यंत्र पुण्या-नाशिकला आत बसणार असेल आणि फिट सैल असेल, तर झिंकपेक्षा जास्त खर्च करू नये. ब्लॅक ऑक्साइड (पोलादावरचा पातळ काळा ऑक्साइड थर) मात्र तेलाशिवाय कुठेच पुरत नाही.

३१६ घेऊनही एक जागा नाजूक राहते: सीलच्या ओठाखालची आणि बेअरिंगच्या रिंगखालची फट. तिथे खारं पाणी साचलं की ३१६ सुद्धा खड्डे धरतं. सील बाहेरच्या बाजूला आणा, ग्रीस भरा. आणि बेअरिंग साध्या क्रोम स्टीलचं असेल, तर शाफ्टच्या आधी तेच गंजेल.

प्लेटिंगच करायचं ठरलं, तर ऑर्डरवर ‘सॉल्ट स्प्रे २०० तास’ एवढंच लिहू नका. ३५ अंशांवर ५ टक्के मिठाच्या फवाऱ्यातले तास म्हणजे किनाऱ्यावरची वर्षं नव्हेत. ती चाचणी एका बॅचची दुसरीशी तुलना करायला चांगली. थराची किमान आणि कमाल जाडी, ती कोणत्या जागी मोजायची, बेकिंग किती तास आणि माप प्लेटिंगआधीचं की नंतरचं, हे चारही मुद्दे ड्रॉइंगवरच लिहा.