खुबा मोडल्यावर: कमरेतली भूल की पूर्ण भूल?

आई बाथरूममध्ये घसरली, खुब्याचं हाड मोडलं, हाडांच्या डॉक्टरांनी उद्या ऑपरेशन सांगितलं. इथपर्यंत घरात भुलेचा विषय कुणी काढलेला नसतो. संध्याकाळी मी तपासायला जाते, आणि कॉटशेजारी उभा असलेला मुलगा मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारतो, "डॉक्टर, कमरेतूनच द्याल ना? पूर्ण भूल नको. या वयात उठलीच नाही तर?" कधी याच्या उलट घडतं. सून म्हणते, "माझ्या सिझरच्या वेळी पाठीत इंजेक्शन दिलं, तेव्हापासून माझी कंबर धरलीय. आईंना ते नकोच." तेवढ्यात परदेशातल्या लेकीचा फोन येतो आणि तिने तिथे काहीतरी तिसरंच ऐकलेलं असतं.

भूलतज्ज्ञ म्हणून २२ वर्षं मी या प्रश्नासमोर उभी आहे. बरीच वर्षं माझं उत्तरही सवयीतून यायचं, कारण आम्हाला शिकवलं तेच तसं होतं: म्हातारं माणूस, मोडलेला खुबा, तर कमरेतली भूल बरी. २०२१ नंतर मात्र या प्रश्नाला भक्कम अभ्यासांचा आधार मिळाला आहे. ज्यांना आज रात्री संमतीपत्रावर सही करायची आहे, त्यांच्यासाठी दोन्ही पर्याय इथे शेजारी शेजारी मांडते.

दोन्हींत नेमकं काय होतं

कमरेतल्या भुलेत रुग्णाला बसवून किंवा कुशीवर वळवून कमरेच्या दोन मणक्यांमधून केसासारखी बारीक सुई आत जाते. मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात साधारण दोन मिलीलिटर किंवा त्याहून कमी औषध सोडलं जातं. पाच-दहा मिनिटांत कमरेखालचा भाग बधिर होतो आणि दोनेक तास तसाच राहतो. श्वास रुग्ण स्वतः घेतो. ही पद्धत नवी नाही. जर्मनीतल्या कील शहरात आउगुस्ट बीअर यांनी १८९८ मध्ये ती पहिल्यांदा शस्त्रक्रियेसाठी वापरली.

पूर्ण भुलेत शिरेतून औषध देऊन झोपवतात, श्वासमार्गात नळी किंवा घशात मास्क बसवतात आणि ऑपरेशन संपेपर्यंत श्वासाची जबाबदारी आमच्याकडे असते. "उठली नाही तर" ही भीती इथूनच येते. ती मी कधी हसण्यावारी नेत नाही, कारण म्हातारपणी खुबा मोडणं हा खरोखरच जिवावरचा प्रसंग असतो. प्रश्न इतकाच, की त्या धोक्यात भुलेच्या प्रकाराचा वाटा किती?

एकाच माणसाने तीनदा विचारलेला प्रश्न

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे भूलतज्ज्ञ मार्क न्यूमन यांचा या विषयातला प्रवास मला फार मोलाचा वाटतो. २०१२ मध्ये त्यांनी न्यू यॉर्क राज्यातल्या १८,१५८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. कमरेतली भूल मिळालेल्यांमध्ये मृत्यू आणि फुप्फुसाचे त्रास कमी दिसले. आमच्यासारख्यांना शिकवलेलं होतं, त्याला दुजोराच मिळाला. २०१४ मध्ये त्यांनी ५६,७२९ रुग्णांच्या नोंदी अधिक काटेकोरपणे जुळवून पाहिल्या. मृत्यूतला फरक दिसेनासा झाला.

जुन्या नोंदींची अडचण अशी, की कोणाला कुठली भूल द्यायची हे तेव्हा डॉक्टरांनी रुग्ण बघून ठरवलेलं असतं. ज्याला एक भूल मिळाली तो मुळातच दुसऱ्यापेक्षा धडधाकट असू शकतो, मग श्रेय भुलेला द्यायचं की प्रकृतीला? यावर उपाय एकच, चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. न्यूमन यांनी तेच केलं. अमेरिका आणि कॅनडातली ४६ रुग्णालयं, १,६०० रुग्ण, सगळे ५० वर्षांवरचे आणि पडण्याआधी चालते-फिरते. निम्म्यांना कमरेतली भूल, निम्म्यांना पूर्ण. 'रीगेन' नावाचा हा अभ्यास २०२१ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला.

त्यांनी विचारलेला प्रश्न घरच्यांच्या मनातलाच आहे: ६० दिवसांनी माणूस जिवंत आहे का, आणि वॉकर किंवा काठी घेऊन का होईना, तीनेक मीटर स्वतः चालतो का? या कसोटीवर न उतरलेले रुग्ण कमरेतल्या भुलेच्या गटात १८.५ टक्के होते आणि पूर्ण भुलेच्या गटात १८. नुसते मृत्यू पाहिले तर ३.९ आणि ४.१ टक्के. यात निवडण्यासारखा फरक नाही.

आपल्या जुन्या निष्कर्षाला स्वतःच असं तपासायला लावणं सोपं नसतं. म्हाताऱ्या माणसाला कमरेतलीच भूल बरी, असं सवयीने सांगणं मी त्या निबंधानंतर सोडलं.

"वात झाला" आणि भूल

ऑपरेशननंतर म्हातारं माणूस रात्री असंबद्ध बोलू लागतं, सलाइन ओढतं, मुलाला ओळखत नाही. जुनी माणसं याला वात झाला म्हणतात, आम्ही डिलिरियम म्हणतो. पूर्ण भुलेने डोक्यावर परिणाम होतो म्हणून ती टाळायची, हा आग्रह मी सगळ्यात जास्त ऐकते.

रीगेनमध्ये डिलिरियमचं प्रमाण कमरेतल्या भुलेत २०.५ टक्के आणि पूर्ण भुलेत १९.७ टक्के होतं. यावर एक रास्त आक्षेप निघाला. तिथल्या कमरेतल्या भुलेच्या रुग्णांना बहुतेकदा गुंगीचं औषधही दिलेलं होतं, मग तुलना खरी कशी? त्याचं उत्तर चीनमधून आलं. 'रागा' अभ्यासात तिथल्या नऊ विद्यापीठ रुग्णालयांमधले ६५ वर्षांवरचे ९५० रुग्ण होते, आणि ज्यांना अंग बधिर करणारी भूल दिली त्यांना गुंगी अजिबात दिली नव्हती. सात दिवसांतला डिलिरियम त्यांच्यात ६.२ टक्के, पूर्ण भुलेत ५.१ टक्के. पुन्हा फरक नाही. दोन अभ्यासांतले आकडे एकमेकांशेजारी ठेवू नका, मोजण्याच्या पद्धती आणि रुग्ण वेगळे असतात. एकाच अभ्यासातले दोन गट तेवढे बघा.

मोडलेलं हाड, वेदना, निर्जळी, झोपेचं खोबरं, अनोळखी खोली, जंतुसंसर्ग या सगळ्यांतून वात होतो. भूल त्या गर्दीतली एक गोष्ट आहे.

वेदनेचा हिशेब उलटा निघाला

याच रीगेनच्या रुग्णांच्या वेदनांचा वेगळा अभ्यास २०२२ मध्ये आला आणि त्याने मलाही थांबून विचार करायला लावलं. पहिल्या २४ तासांतली सर्वांत तीव्र वेदना, दहापैकी गुणांत, कमरेतल्या भुलेत ७.९ होती, पूर्ण भुलेत ७.६. हा फरक किरकोळ आहे. पण ६० दिवसांनी डॉक्टरांनी लिहून दिलेली वेदनाशामकं घेणारे पहिल्या गटात २५ टक्के होते, दुसऱ्यात १८.८ टक्के. कमरेतली भूल म्हणजे नंतर दुखणार नाही, हा समज म्हणून सोडून द्यावा.

वॉर्डात मला दिसतं ते असं: कमरेतली भूल उतरेपर्यंत आजी शांत असतात, नातेवाईक निर्धास्त घरी जातात आणि रात्री आठ-नऊला वेदना एकदम अंगावर येते. तिची सोय आधी केलेली हवी. ती सोय कोणती, ते पुढे सांगते.

बीपी, कंबर, खर्च

कमरेतल्या भुलेने रक्तवाहिन्या सैल होतात आणि बीपी उतरतं. पूर्ण भुलेतही उतरतं. ब्रिटनमध्ये खुब्याच्या ११,०८५ रुग्णांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. भुलेच्या प्रकाराने मृत्यूंत फरक दिसला नाही, पण ऑपरेशनदरम्यान बीपी खूप उतरलं त्यांच्यात मृत्यू जास्त होते. कमरेतल्या औषधाची मात्रा कमी ठेवली तर बीपी कमी उतरतं, हेही त्यात दिसलं. म्हणून कुठली भूल यापेक्षा किती जपून दिली, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

कंबरदुखीचं म्हणाल, तर बाळंतिणींवर याचे पुष्कळ अभ्यास झाले आहेत आणि दीर्घकाळच्या कंबरदुखीचा सुईशी संबंध त्यांत आढळला नाही. सुईच्या जागी दोन-चार दिवस हुळहुळतं. डोकेदुखी होते, पण ती तरुणांत जास्त, सत्तरीनंतर क्वचित. कमरेतल्या भुलेला औषधं आणि सामान कमी लागतं, त्यामुळे ती साधारणपणे स्वस्त पडते.

निवड तुमच्या हातात नसते तेव्हा

हे सगळे निष्कर्ष दोन्ही दरवाजे उघडे असलेल्या रुग्णांचे आहेत. ज्यांना कमरेतली भूल देता येतच नव्हती, त्यांना रीगेनमध्ये घेतलंच नव्हतं. तुमच्या घरचा रुग्ण त्यांपैकी असेल, तर टक्केवारी बाजूला ठेवायची.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या हे सर्वांत नेहमीचं कारण. नुसती ॲस्पिरिन असेल तर कमरेतली भूल देता येते. क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन, ॲपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन यांपैकी काही चालू असेल, तर मणक्यात रक्त साचून पाय कायमचे लुळे पडण्याचा धोका असतो. तो दुर्मिळ आहे, पण पत्करण्यासारखा नाही. इथे एक चूक मी वारंवार पाहते. क्लोपिडोग्रेलचा असर जायला पाच ते सात दिवस लागतात, आणि कमरेतूनच भूल हवी या हट्टापायी माणसाला तितके दिवस मोडक्या हाडानिशी झोपवून ठेवतात. असं करू नये. तिथे पूर्ण भूल घ्यावी आणि ऑपरेशन वेळेत करावं.

हृदयाची महाधमनीची झडप फार अरुंद झाली असेल, तर कमरेतल्या भुलेने अचानक उतरलेलं बीपी हृदयाला पेलत नाही. पाठीच्या त्वचेत जंतुसंसर्ग असेल, तर तिथून सुई घालत नाहीत. याउलट जुना दमा, सतत कफ, चालताना लागणारी धाप असेल तर मी कमरेतल्या भुलेकडे झुकते. नळी आणि व्हेंटिलेटर टाळता आले तर अशा छातीला बरं असतं, आणि तालुक्याच्या ठिकाणी आयसीयूची खाट हाताशी असेलच असं नाही.

झिजलेल्या, वाकलेल्या मणक्यांत सुई कधी कधी जातच नाही. रीगेनसारख्या अभ्यासातही कमरेतली भूल ठरलेल्या सुमारे १५ टक्के रुग्णांना शेवटी पूर्ण भूल द्यावी लागली. म्हणून संमती देताना दोन्हींची द्या. दोन-तीन प्रयत्नांनंतर भूलतज्ज्ञाने बेत बदलला, तर ते अपयश समजू नका. पाठीत सहा वेळा टोचत राहण्यापेक्षा ते शहाणपणाचं आहे.

ज्यासाठी मी भांडेन

दोन्ही भुलांमध्ये निवड करायला सांगितलीत, तर सर्वसाधारण प्रकृतीच्या आजींना मी आजही कमी मात्रेची कमरेतली भूल देईन, माझ्या हातांना तिची सवय आहे म्हणून. शेजारच्या गावातला माझा सहकारी पूर्ण भूल देईल, आणि त्याचे रुग्णही तितकेच चालत घरी जातील. ज्याचा हात जिथे बसला आहे, त्याला ते करू द्या.

नर्व्ह ब्लॉकसाठी मात्र मी भांडेन. जांघेजवळ सोनोग्राफीत बघून दिलेलं एक इंजेक्शन खुब्याकडे जाणाऱ्या नसा काही तासांसाठी बधिर करतं. ते दोन्ही भुलांबरोबर चालतं. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने ४९ चाचण्या एकत्र पाहिल्या, त्या २०२० च्या आढाव्यात ब्लॉकमुळे हलताना होणारी वेदना कमी झाली, वात होण्याचं प्रमाण कमी झालं, छातीचा संसर्गही कमी झाला. म्हणजे भुलेचा प्रकार बदलून जे साधलं नाही, त्यातलं बरंचसं या इंजेक्शनने साधतं. मोडलेल्या खुब्यानिशी आजीला भुलेसाठी बसवतात, त्या क्षणाची किंकाळी ज्याने ऐकली आहे, तो ब्लॉकशिवाय रुग्णाला वळवणार नाही. दवाखान्यात दाखल झाल्या झाल्या विचारा: "ब्लॉक मिळेल का?"

दुसरं भांडण वेळेसाठी. १७ देशांतल्या २,९७० रुग्णांच्या 'हिप अटॅक' अभ्यासात (२०२०) निदानानंतर साधारण ६ तासांत आणि साधारण २४ तासांत केलेल्या ऑपरेशनची तुलना झाली. मृत्यू ९ आणि १० टक्के, म्हणजे फरक नगण्य. पण लवकर ऑपरेशन झालेल्यांत डिलिरियम ९ टक्के होता आणि दुसऱ्या गटात १२ टक्के. ते लवकर उभे राहिले आणि एक दिवस आधी घरी गेले. लक्षात घ्या, तिथला उशिराचा गटही साधारण २४ तासांत टेबलावर होता. आपल्याकडे टू-डी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टसाठी, फिजिशियनच्या फिटनेससाठी, पुण्याहून भाऊ येण्यासाठी चार दिवस जातात. त्या चार दिवसांत न्यूमोनिया, पायातली गुठळी आणि पाठीवरच्या जखमा यांना वाट मोकळी होते. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करा असं सांगतात. इकोने निर्णय बदलणार असेल तरच त्याच्यासाठी थांबायचं, हे मी फिजिशियनशीही बोलते, तुम्हीही विचारू शकता.

आज रात्री करण्याजोगं एवढंच. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून आणा, आणि रक्त पातळ करणारी गोळी शेवटची किती वाजता घेतली ते आठवून कागदावर लिहा. मोसंबीच्या रसाचा आग्रह करू नका. पाणी कितीपर्यंत चालेल ते आम्हाला विचारा, कारण दिवसभर निर्जळी ठेवणंही चांगलं नाही. चष्मा आणि कानाचं यंत्र कपाटात कुलूपबंद करू नका. रिकव्हरीत डोळे उघडताच आईला तुमचा चेहरा दिसला आणि आवाज ऐकू आला, तर तिची रात्र बरीच सोपी जाते. कवळी मात्र ऑपरेशन थिएटरमध्ये जाण्याआधी काढून डबीत ठेवा, आणि डबीवर तिचं नाव लिहा.