जुनी शिडाची बोट: लाकडी की फायबरची?

मी फायबरचीच घेईन, पण डेक, म्हणजे बोटीचा वरचा चालायचा भाग, ठोकून पाहिल्याशिवाय नाही. बऱ्याच फायबर बोटींच्या डेकमध्ये दोन थरांच्या मधे बाल्सा लाकूड असतं. बोल्टांच्या भोकांतून पाणी झिरपलं की ते आतल्या आत कुजतं. प्लास्टिकच्या हातोडीने टकटक करत जा. आवाज टणक आला तर ठीक. बद्द आला तर तिथे ओल मुरलेली असू शकते. बुडाला बारीक फोड दिसले तर लगेच घाबरू नका, ते बहुधा दुरुस्त होतात.

लाकडी बोट देखणी खरी, पण उबदार समुद्रात शिपवर्म नावाचा समुद्री जीव फळ्या आतून पोखरतो. स्क्रू ड्रायव्हर सहज रुतला तर सौदा सोडा.

डोलकाठीच्या स्टीलच्या तारा दोन्हींत तपासा. पंधरा वर्षं जुन्या असतील तर बदलायचा खर्च किमतीतून कापून घ्या.